मशीन मानत नाही

काचेवर काय लिहिलेलं ते इंग्रजीत.
मी दार ओढलं, ते ढकलायचं होतं.
काउंटरवरच्या पोराने हसू गालात दाबलं,
तरी मला दिसलंच.
पस्तीस वर्षं बाजारात बसल्येय मी,
गिऱ्हाइकाच्या पाठीवरूनही ओळखते
परत येणार की नाही.

बंदी चालू. मिरकरवाड्यात होड्या
निळं प्लास्टिक पांघरून निजलेल्या.
पाटीत सुकट, सोडे, बोंबलाच्या काड्या.
सकाळपासून दोन माणसं थांबली,
दोघंही भाव विचारून गेली.
आणि नातू म्हणतो, आये, दहावीला साठ पडले
तर तळलेली कोंबडी म्हणालेलीस.
पडले साठ पूर्णांक दोन.
त्या पूर्णांक दोनानेच गळ्याशी धरून मला
मारुती मंदिरापर्यंत आणलं.

आत बर्फाच्या गाडीतला गारवा.
बसायला लाल बाकडी, गाणं कुणाचं ते कळत नाही,
आणि रांग. चिकनसाठी रांग!
रेशनला उभं राहावं तशी माणसं
गप्प, वर चित्रांकडे बघत.

"नाव?"
"कशाला रे?"
"मोबाईल नंबर?"
"का, कोंबडी फोन करणार मला?"
मागच्या दोन पोरी फिसकन हसल्या.
नातू जमिनीत गेला.

मी सवयीने वाकले.
पण कल्ले कुठे उचलायचे, डोळा कुठे बघायचा,
बोटाने दाबून बघावं असं काहीच पुढे नाही.
नुसतं चित्र. चित्रातली तंगडी माझ्या मनगटाएवढी,
मागाहून डब्यातून निघाली ती
करंगळीची थोरली बहीण.

"सहाशे एकोणपन्नास."
"साडेपाचशे घे, बाबा. आज माझी भवानीही झाली नाही."
पोराने इकडेतिकडे पाहिलं.
छातीवरच्या पट्टीवर नाव: हर्षद.
नाक भाट्याच्या सुलूसारखं, तिचाच असणार.
हळूच म्हणाला, "मावशी, माझ्या हातात काय नाय.
मशीन मानत नाही."

त्र्याण्णव नंबर. कागद मुठीत धरून बसले
तर समोरच्या टेबलावर कोण,
बँकेतल्या सामंतबाई!
मागच्या चैत्रात सरंग्याच्या जोडीवर
वीस रुपयांसाठी माझा अर्धा तास खाल्लेला,
एकेक मासा उलटून, नाक मुरडून,
शेवटी उठताना, "पारू, वर दोन बांगडे घाल."
त्याच बाई आता मोठी बादली घेऊन बसलेल्या,
बिल घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात,
चकार शब्द नाही.
आमची नजर भिडली.
त्यांनी टिश्यूने ओठ पुसले. मी पदर नीट केला.
चोरी कुणाची पकडली गेली, कळेना.

खरं सांगू? कुरकुरीत होतं.
मीठ जास्त, आगळाची तर सयच नाही,
पण कुरकुरीत. मी हाडसुद्धा सोडलं नाही.
नातू म्हणाला, आये, आवाज करू नको.
मी म्हटलं, मग एवढं कुरकुरीत करतात कशाला?

निघताना राहवलं नाही.
काउंटरवर हात ठेवला, "हर्षद, वर काहीतरी घाल रे."
त्याने छताकडे पाहिलं, तिथे कॅमेरा.
मग खालच्या खणातून
टोमॅटो सॉसची एक पुडी काढून
माझ्या तळव्यावर ठेवली, मूठ मिटून दिली,
आपली माणसं देतात तशी.

गुलाबी साबणाने तीनदा हात धुतले.
सुकटीचा वास गेला नाही.
बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सामंतबाई पाटीपाशी उभ्या.
"सोडे कसे दिलेस, पारू?"
सांगितला भाव.
"काहीतरी कमी कर गो."
मी म्हटलं, "बाई, मशीन मानत नाही."
त्या क्षणभर थांबल्या, मग लाल झाल्या,
मग पिशवी उघडून धरली.
वजन झालं. पैसे कनवटीला लावले,
तिथे सॉसची पुडी अजून होती.
आणि मग, न मागता,
वर एक मूठ घातली.